सिनेटमधली समान मतं: तत्त्व की नाइलाज?

चौकस

गेले दोन महिने अमेरिकन नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करतेय. मिरजेहून आप्पा आले आहेत. रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की ते प्रश्नांची कार्डं घेऊन बसतात आणि मी भांडी लावता लावता उत्तरं देते. "घटनेचे पहिले तीन शब्द?" "वी द पीपल." "सिनेटर किती?" "शंभर. प्रत्येक राज्याचे दोन." परवा त्यांनी हातातलं कार्ड टेबलावर पालथं घातलं आणि विचारलं, "कॅलिफोर्नियालाही दोन आणि त्या वायोमिंगलाही दोनच? मग आधीच्या कार्डावर 'आम्ही लोक' कशाला म्हणायचं?"

उत्तर कार्डावर नव्हतं. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियात ३ कोटी ९५ लाख माणसं होती, वायोमिंगमध्ये ५ लाख ७७ हजार. म्हणजे सिनेटपुरतं वायोमिंगमधल्या एका माणसाचं वजन कॅलिफोर्नियातल्या ६८ जणांएवढं.

आम्ही फिलाडेल्फियापासून तासाभरावर राहतो. शनिवारी आप्पांना घेऊन इंडिपेन्डन्स हॉलला गेले. सभेची खोली वाटते त्याहून बरीच लहान आहे. टेबलांवर हिरवं कापड, दौती, पिसाच्या लेखण्या, आणि समोर वॉशिंग्टनची उंच पाठीची खुर्ची, तिच्या माथ्यावर कोरलेला अर्धा सूर्य. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच खोलीत मंजूर झाला. अकरा वर्षांनी, १७८७ च्या उन्हाळ्यात, घटनाही इथेच लिहिली गेली. एकूण ५५ प्रतिनिधी हजेरी लावून गेले, शेवटी सह्या ३९ जणांच्या. दार बंद, आतलं अक्षरही बाहेर जायचं नाही असा नियम. व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन याने रोज टिपणं काढून ठेवली म्हणून आत काय झालं ते आज कळतं. ती टिपणंसुद्धा तो गेल्यावर, १८४० मध्ये छापली गेली.

ती टिपणं वाचून माझं मत असं झालंय: सिनेटमधली समानता हे अमेरिकेच्या स्थापनेचं तत्त्व नव्हतं. तो नाइलाज होता. व्हर्जिनियाने मे महिन्यात मांडलेल्या पहिल्या आराखड्यात दोन्ही सभागृहांत लोकसंख्येच्या किंवा भरलेल्या कराच्या प्रमाणातच जागा होत्या. ३० जूनला पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सनने सरळ विचारलं होतं की आपण सरकार कोणासाठी बनवतोय, माणसांसाठी की राज्य नावाच्या काल्पनिक जिवांसाठी? त्याला कोणी तत्त्वाचं उत्तर दिलंय असं मला तरी दिसलं नाही. १६ जुलैला सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला समान मत देण्याच्या तडजोडीवर मतदान झालं. कनेटिकट, न्यू जर्सी, डेलावेअर, मेरीलँड आणि नॉर्थ कॅरोलायना बाजूने. व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया, साउथ कॅरोलायना, जॉर्जिया विरोधात. मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी दोन-दोन असे दुभंगले, त्यामुळे त्यांचं मत धरलंच गेलं नाही. पाच विरुद्ध चार. न्यू यॉर्कचे दोघे आठवडाभर आधीच रागावून निघून गेले होते, न्यू हॅम्पशायरचे अजून पोचले नव्हते आणि ऱ्होड आयलंडने कोणाला पाठवलंच नव्हतं.

आणि हे मतदान कसं, तर एका राज्याला एक मत! म्हणजे समान मत असावं की नाही, याचा निकालही समान मतांनीच लावला. १७९० च्या जनगणनेचे आकडे धरले तर हरलेल्या चार राज्यांत जिंकलेल्या पाचांपेक्षा माणसं जास्त होती.

खुद्द मॅडिसनने पुढच्या वर्षी घटनेची बाजू मांडताना, 'फेडरलिस्ट' या लेखमालेच्या ६२ व्या लेखात, याला सिद्धांताच्या कसोटीवर घासून काही उपयोग नाही असं म्हटलंय. त्याच्या लेखी ते 'दोन वाइटांतलं कमी वाईट' होतं. ज्याने घडवलं तोच असं म्हणतो, तर आपण त्याला स्थापनेचं मूलतत्त्व म्हणून डोक्यावर का घ्यायचं?

नर्मदाकाठ

चौकस ताई, टिपणं वाचून लिहिलंत याचं फार बरं वाटलं. पण निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. तीस वर्षं इंदुरात इतिहास शिकवला आणि दरवर्षी वर्गात हीच चूक दुरुस्त करत आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही गोष्ट १७८७ पासून सुरू केलीत. त्याआधी तिथे काय होतं? तेरा राज्यं. 'एका देशाचे तेरा भाग' असं मी मुद्दाम म्हणत नाही. १७७६ च्या जाहीरनाम्यात 'स्वतंत्र राज्यं' असं अनेकवचन आहे. १७८१ पासून लागू झालेल्या महासंघाच्या करारनाम्याचं दुसरं कलम सांगतं की प्रत्येक राज्य आपलं सार्वभौमत्व राखून आहे. १७८३ मध्ये पॅरिसला तह झाला तेव्हा ब्रिटनच्या राजाने तेराही राज्यांची नावं एकेक करून घेतली आणि त्यांना सार्वभौम म्हटलं. तेव्हाच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे राज्यांच्या संयुक्त सभेत, प्रत्येकाला एक मत होतंच. डेलावेअरच्या विधिमंडळाने तर आपल्या प्रतिनिधींना लेखी बजावून पाठवलं होतं की ते समान मत सोडायचा अधिकार तुम्हाला नाही.

तेव्हा प्रश्न उलटा आहे. लहान राज्यांनी काही उपटलं नाही. त्यांच्याकडे जे होतं त्यातलं अर्धं त्यांनी सोडून दिलं आणि प्रतिनिधिगृह, म्हणजे सिनेटशिवायचं दुसरं सभागृह, लोकसंख्येच्या हवाली केलं. विल्सनला उत्तर मिळालं नाही म्हणता? त्याच ३० जूनला डेलावेअरचा गनिंग बेडफर्ड उठून म्हणाला की मोठी राज्यं संघ मोडणार असतील तर लहानांना हात देणारा एखादा परदेशी मित्र भेटेल. भाषा उद्धट होती, सभेत त्यावर नाराजीही उमटली. पण आत काय आहे ते बघा. आमच्या संमतीशिवाय आमच्यावर राज्य करता येणार नाही, हेच तो सांगत होता. आणि शासितांची संमती हेच तर १७७६ चं पहिलं तत्त्व!

मॅडिसनच्याच ३९ व्या लेखात हे सरकार काही अंशी राष्ट्रीय आणि काही अंशी संघीय असल्याचं नीट समजावलेलं आहे. एका सभागृहात माणसं मोजली जातात, दुसऱ्यात राज्यं. नाइलाजातून जन्मलं म्हणून ते तत्त्व उरत नाही, हे मला कळत नाही. मॅग्ना कार्टा तरी राजाने कुठे आनंदाने दिला होता?

सातारकर_डेलावेअर

मी पंधरा वर्षं डेलावेअरमध्ये राहतोय. आमच्या गाड्यांच्या नंबर प्लेटवर 'द फर्स्ट स्टेट' लिहिलेलं असतं, कारण ७ डिसेंबर १७८७ ला घटना सगळ्यांत आधी आम्ही मान्य केली, तीसही मतं बाजूने. अकरा दिवसांनी न्यू जर्सी, तेही एकमताने. समान सिनेट नसती तर ही दोन राज्यं सगळ्यांत शेवटी आली असती, किंवा आलीच नसती.

राज्य लहान असण्यात काय असतं हे इथे राहून कळतं. २०२० च्या जनगणनेत आमची वस्ती दहा लाखांच्या आत होती. प्रतिनिधिगृहात अख्ख्या राज्याचा मिळून एकच सदस्य. तिथे आमचं कोण ऐकणार? दोन सिनेटर आहेत म्हणून ऐकून तरी घेतात. चौकस, तुम्हाला ६८ पट वजन दिसतं. मला ४३५ जणांत एक दिसतो.

चौकस

सातारकर, ४३५ जणांत एक हे तुमच्या वस्तीच्या हिशोबाने बरोबरच आहे की. त्यात अन्याय कुठला?

नर्मदाकाठ सर, संमतीचा मुद्दा जड आहे, मान्य. पण तो शेवटपर्यंत नेलात तर घटनाच टिकत नाही. महासंघाच्या करारनाम्यात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती लागायची. १७८२ मध्ये आयातीवर पाच टक्के जकात बसवायचा साधा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडने अडवला होता. सैनिकांचा थकलेला पगार द्यायला काँग्रेसकडे पैसे नाहीत, कर लावायचा अधिकार नाही, आणि १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे कर्जात बुडालेले शेतकरी जप्त्या थांबवायला कोर्टांची दारं अडवून उभे. म्हणून तर फिलाडेल्फियाला जमायची पाळी आली. आणि जमल्यावर त्यांनी काय केलं? नव्या घटनेच्या सातव्या कलमात लिहून टाकलं की नऊ राज्यांनी मान्य केलं की झालं. तेरा राज्यांचा करार नऊ जणांनी मोडायचा हे कुठल्या करारशास्त्रात बसतं?

ते बसतं एकाच पायावर. राज्यांच्याही वर कोणीतरी आहे आणि ते म्हणजे लोक, हा तो पाया. म्हणूनच मान्यता राज्यांच्या विधिमंडळांकडून न घेता लोकांनी खास निवडलेल्या सभांकडून घेतली. सरनाम्याच्या आधीच्या मसुद्यात 'आम्ही न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स... या राज्यांचे लोक' अशी एकेक राज्याची यादी होती. कोण मान्य करेल आणि कोण नाही याची खात्री नव्हती, म्हणून सप्टेंबरात गव्हर्नर मॉरिसने ती यादी काढली आणि 'आम्ही संयुक्त संस्थानांचे लोक' असं लिहिलं. (गव्हर्नर हे त्याचं नाव, पद नाही. मीही आधी फसले होते.) कारण अडचणीचं असेल, पण शब्द पडले ते हे.

नर्मदाकाठ

त्याच शब्दांवरून व्हर्जिनियाच्या मान्यतासभेत पॅट्रिक हेन्रीने जून १७८८ मध्ये आकाशपाताळ एक केलं होतं. 'आम्ही राज्यं' असं न म्हणता 'आम्ही लोक' म्हणायचा अधिकार यांना दिला कोणी, हा त्याचा सवाल. तिथे ८९ विरुद्ध ७९ असं जेमतेम निभावलं.

आणि सातवं कलम पुरतं वाचा. नऊ राज्यांनी मान्यता दिली की घटना लागू, पण कोणामध्ये? 'मान्यता देणाऱ्या राज्यांमध्ये.' न देणाऱ्यावर ती लादलेली नाही. नॉर्थ कॅरोलायना नोव्हेंबर १७८९ पर्यंत बाहेर राहिलं. ऱ्होड आयलंड २९ मे १७९० ला आलं, ३४ विरुद्ध ३२ मतांनी. वॉशिंग्टन वर्षभर राष्ट्राध्यक्ष होता तरी ऱ्होड आयलंड त्याच्या राज्यात नव्हतं! लोकांनी मान्यता दिली हे खरं, पण राज्याराज्यातून, वेगवेगळी. सगळ्या देशाच्या लोकांची एकत्र मोजणी त्या वेळी एकदाही झालेली नाही.

शेवंती

तुम्ही दोघंही लहान राज्यं विरुद्ध मोठी राज्यं यावरच भांडताय आणि त्या खोलीतल्या खऱ्या भेगेकडे बघतच नाही. मॅडिसनने ती ३० जूनलाच दाखवून दिली होती. राज्यांमधली फूट आकाराची नाही, ती मुख्यतः गुलाम असण्या-नसण्याची आहे, असं तो भर सभेत म्हणाला.

प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, हे पाठ्यपुस्तकात वाचून पुष्कळांना वाटतं की गुलामाला तीन पंचमांश माणूस ठरवलं हा अपमान. खरी गोष्ट त्याहून वाईट आहे. गुलाममालकांना ते पूर्ण मोजून हवे होते आणि विरोधकांना शून्य. कारण मोजला जायचा गुलाम आणि त्या मोजणीतून वाढणाऱ्या जागा जायच्या मालकाला. मॉरिसने ८ ऑगस्टला हेच विचारलं: ती माणसं आहेत? मग त्यांना नागरिक करा, मत द्या. मालमत्ता आहे? मग इतर मालमत्ता का मोजत नाही? हाही प्रश्न विल्सनच्या प्रश्नासारखाच हवेत राहिला.

राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडावा असं विल्सन म्हणत होता. १९ जुलैला मॅडिसन म्हणाला, लोकांनी निवडणं सगळ्यांत योग्य, पण दक्षिणेत मतदार कमी, गुलामांच्या जोरावर तिथल्या राज्यांना काही वजन मिळणार नाही. लोकांऐवजी राष्ट्राध्यक्ष निवडणारे निर्वाचक नेमले की ती अडचण सुटते. निर्वाचकांची संख्या प्रतिनिधिगृह आणि सिनेट यांतल्या जागांच्या बेरजेवरून ठरायची, म्हणजे तीन पंचमांश तिथेही आलेच. पहिल्या ३६ वर्षांतली ३२ वर्षं राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनियाचा होता.

आणि ऑगस्टच्या २१ तारखेला साउथ कॅरोलायनाचा जॉन रटलेज काय म्हणाला? धर्म आणि माणुसकीचा या प्रश्नाशी काही संबंध नाही, राष्ट्रं फक्त स्वार्थावर चालतात. सव्वा महिन्यापूर्वी 'तत्त्वं' घासून बसलेल्या त्याच सभेत! मग ठरलं काय? गुलामांची आयात १८०८ पर्यंत बंद करायची नाही. पळालेला गुलाम मालकाला परत द्यायचा, आणि हे शेवटचं कलम एकही विरोधी मत न पडता. एवढं सगळं करून घटनेत 'गुलाम' हा शब्द कुठेही येऊ दिलेला नाही. 'इतर व्यक्ती', 'सेवेस बांधलेली व्यक्ती' अशी आडवळणं. माणसात मालमत्ता असू शकते ही कल्पना घटनेत येणं चूक ठरेल, असं मॅडिसन म्हणाला होता. कल्पना आली, फक्त शब्द गाळला.

चौकस, इंडिपेन्डन्स हॉलला गेलात तेव्हा जवळच्याच सहाव्या आणि मार्केट रस्त्याच्या कोपऱ्यावर वॉशिंग्टनच्या घराची जागा आहे, तिथे थांबलात का? राष्ट्राध्यक्ष असताना तिथे त्याने एकूण नऊ गुलाम ठेवले होते. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याने बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राहिला तर मोकळा होई. म्हणून सहा महिने भरायच्या आत तो त्यांना राज्याबाहेर पाठवी आणि परत आणी. हे गुलामांना आणि लोकांना कळता कामा नये, असं त्याने सचिवाला १७९१ मध्ये पत्राने कळवलं होतं. त्यांतली ओनी जज नावाची मुलगी मे १७९६ मध्ये, घरचे जेवायला बसलेले असताना दारातून बाहेर पडली ती थेट न्यू हॅम्पशायरला. पुढे जवळपास ५२ वर्षं जगली. कायद्याने शेवटपर्यंत गुलामच, कारण घटनेतल्या त्या कलमाच्या आधारे १७९३ मध्ये झालेल्या कायद्यावर सही वॉशिंग्टनचीच होती.

तत्त्व शोधायचंच असेल तर मला ते तिच्यात दिसतं.

आडवाट

शेवंती ताई, ओनी जजबद्दल लिहिलंत ते वाचून थांबलो होतो थोडा वेळ. तरीही तुमची मांडणी एका ठिकाणी घसरते असं मला वाटतं. धागा सिनेटवर आहे. १६ जुलैची यादी वर चौकस यांनी दिलीय ती पुन्हा बघा. समान सिनेटच्या विरोधात कोण? व्हर्जिनिया, साउथ कॅरोलायना, जॉर्जिया. गुलामगिरीचे बालेकिल्ले! आपली लोकसंख्या वाढत जाणार या भरवशावर त्यांना दोन्ही सभागृहं प्रमाणातच हवी होती. तेव्हा समान सिनेट गुलामगिरीसाठी जन्माला आली असं म्हणता येणार नाही.

दुसरं. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून पळालेला माणूस. त्याचा आधीचा गुरू गॅरिसन घटनेला मृत्यूशी केलेला करार म्हणायचा आणि १८५४ च्या ४ जुलैला त्याने तिची प्रत भर सभेत जाळली. डग्लसही सुरुवातीला त्याच मताचा होता. मग त्याने घटना पुन्हा वाचली आणि मत बदललं. ५ जुलै १८५२ च्या रॉचेस्टरच्या भाषणात तो गोऱ्यांच्या स्वातंत्र्यदिनावर आसूड ओढतो, आणि त्याच भाषणात घटनेला स्वातंत्र्याचा तेजस्वी दस्तऐवज म्हणतो. तुम्ही जो शब्द गाळल्याचा राग करता, त्याच गाळलेल्या शब्दाला त्याने हत्यार केलं. गुलाम हा शब्दच नाही ना? मग घटना तुमच्या बाजूची कशी?

लिंकनने १८६३ मध्ये गेटिसबर्गला देशाचं वय सांगितलं ते ८७ वर्षं. करा वजाबाकी, १७७६ येतं. त्याने जन्म जाहीरनाम्यापासून धरला, घटनेपासून नाही. मला वाटतं चौकस यांच्या आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. तत्त्व १७७६ चं, १७८७ ची फक्त यंत्रणा. यंत्रणेत नट ढिला असू शकतो.

शेवंती

१६ जुलैच्या यादीचा मुद्दा बरोबर आहे. जन्म गुलामगिरीसाठी झाला नाही, मान्य. पण नंतर ती कामाला कोणाच्या आली? उत्तरेची वस्ती वाढली, प्रतिनिधिगृह हातातून गेलं, तेव्हा दक्षिणेने सिनेटच धरून ठेवली. १८२० मध्ये मेन आलं की लगेच मिसुरी हवं, अशी जोडीजोडीने राज्यं घेतली, पारडं समान ठेवायला. १८४६ मध्ये मेक्सिकोकडून मिळणाऱ्या प्रदेशात गुलामगिरी नको, हा विल्मटचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात मंजूर झाला आणि सिनेटमध्ये मेला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याला नट ढिला म्हणत नाहीत.

डग्लसचं वाचन मला प्रिय आहे. पण ते वाचन खरं व्हायला चार वर्षांचं युद्ध आणि गुलामगिरी संपवणारी तेरावी दुरुस्ती लागली. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या त्यागासाठी. फिलाडेल्फियाच्या त्या ३९ सह्यांना अर्पण केली नाही. हा फरक पुण्यातल्या माणसाला तेव्हा कळला होता.

तालुका कोर्ट

वकिली करतो, म्हणून दस्त कसा झाला याकडे आधी लक्ष जातं.

४ नोव्हेंबर १९४८ ला आपल्या घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हाच भेद सांगितला आहे. अमेरिकेचा संघ घटकांच्या करारातून झाला, भारताचा तसा नाही. आणि तो करारातून झालेला नसल्यामुळे कोणाला फुटून निघायचाही हक्क नाही, म्हणून 'युनियन' हा शब्द. एक म्हणजे वेगवेगळ्या खातेदारांनी मिळून एकत्र केलेली जमीन, दुसरी म्हणजे मुळात एकाच नावावरची, सोयीसाठी तुकडे पाडलेली. दोन्ही सातबाऱ्यांवर हक्क सारखे कसे असतील?

परिणाम बघा. आपल्या तिसऱ्या कलमाने संसद राज्याच्या सीमा बदलू शकते. संबंधित विधिमंडळाचं मत मागवतात, पण संमती लागत नाही. १९६० मध्ये मुंबई राज्याची दोन राज्यं संसदेच्या कायद्याने झाली. अमेरिकेत एखाद्या राज्यातून नवं राज्य काढायचं तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती हवीच. आणि आपली राज्यसभा: उत्तर प्रदेश ३१, महाराष्ट्र १९, गोवा १. आपल्या घटनाकारांपुढे अमेरिकेचं सिनेटचं उदाहरण होतं. त्यांनी ते उचललं नाही, कारण आपल्याकडे तो करारच नव्हता.

म्हणून नर्मदाकाठ सरांशी मी निम्मा सहमत. अमेरिकेत समान मत ही कराराची अट होती आणि अट मोडली की करार मोडतो. पण निम्माच. पाचवं कलम घटनादुरुस्तीचं. त्यात मोजक्याच गोष्टी कुलूपबंद केल्या. गुलामांची आयात आणि थेट कर यांबद्दलची कलमं, १८०८ पर्यंत. आणि सिनेटमधलं समान मत, त्या राज्याने स्वतः सोडल्याशिवाय कधीच नाही. तेरा राज्यांचा करार म्हणता तर उरलेली ३७ राज्यं कुठल्या करारात होती? त्यातली बहुतेक काँग्रेसनेच आपल्या ताब्यातल्या प्रदेशांतून कायद्याने घडवली. वायोमिंग १८९० चं. ते कधीही सार्वभौम नव्हतं, पॅरिसच्या तहात त्याचं नाव नाही.

नर्मदाकाठ

वायोमिंगचा मुद्दा जबर आहे. यावर मी आजवर वर्गात जे उत्तर देत आलो ते असं की नवी राज्यं जुन्यांच्या बरोबरीने येतील, वसाहत म्हणून नाही, हे १३ जुलै १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या अध्यादेशातच ठरलं होतं. फिलाडेल्फियात सभा चालू असताना न्यू यॉर्कला बसलेल्या काँग्रेसने तो केला. ब्रिटनने आपल्याला दुय्यम ठेवलं तसं आपण कोणाला ठेवायचं नाही, ही त्यामागची भावना. मला हे फार मोठं तत्त्व वाटतं, आजही. बरोबरीने म्हणजे सिनेटमध्येही बरोबरीने.

कुलूप मात्र पहिल्यापासून नको होतं की काय, यावर माझं मन अजून ठरत नाही.

चौकस

कुलपाबद्दल टिपणात १५ सप्टेंबरची नोंद सापडली. सह्यांच्या दोन दिवस आधी. कनेटिकटच्या शर्मनने तसा प्रस्ताव मांडला तो आधी फेटाळला गेला. मग सभेत लहान राज्यांची कुजबुज सुरू झाली, ती ऐकून मॉरिसने प्रस्ताव पुन्हा मांडला आणि चर्चा न होता, कोणीही 'नाही' न म्हणता तो मंजूर झाला. चार महिने उन्हाळ्यात भांडून दमलेली माणसं, घरी जायची घाई. इतकी मोठी गोष्ट एका कुजबुजीवर!

नर्मदाकाठ सर, तुमच्यामुळे माझं एक मत बदललं. लहान राज्यांनी काही उपटलं असं आता म्हणणार नाही. त्यांना भीती होती आणि ती भीती खरी होती. पण त्या भीतीला त्या दिवशी कायमचं कुलूप लागलं ते मला पटत नाही. जेफरसनने ६ सप्टेंबर १७८९ ला पॅरिसहून मॅडिसनला लिहिलं होतं की पृथ्वी जिवंत माणसांची आहे, एका पिढीला पुढच्या पिढीला बांधता येत नाही. (ते पत्र लिहिणाऱ्याच्या घरी माणसं गुलाम होती, शेवंती, हे विसरलेले नाही.) जेफरसनचा हाच विचार बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात उद्धृत केला, आपली घटना बदलायला सोपी का ठेवली हे सांगताना. तो वायोमिंगच्या आणि कॅलिफोर्नियाच्या मुलांनाही लागू व्हायला हवा. १७९० मध्ये सगळ्यांत मोठ्या व्हर्जिनियाची वस्ती डेलावेअरच्या साधारण साडेबारापट होती. आज ते अंतर ६८ पट आहे, आणि ज्यांनी तडजोड केली त्यांनी हे अंतर मोजलेलं नव्हतं.

सातारकर, डेलावेअरला दोनच्या जागी एक सिनेटर मिळाला तर चालेल का, हे मात्र तुम्ही सांगायचं आहे. कुलपाची किल्ली कलमाप्रमाणे तुमच्याकडेच आहे.

सातारकर_डेलावेअर

प्रामाणिकपणे सांगतो, नाही चालणार. पण १५ सप्टेंबरची ती नोंद मी बायकोला वाचून दाखवली. आमच्या पोरीला शाळेत घटनेवर प्रकल्प आहे. 'फर्स्ट स्टेट' हे ती लिहिणारच होती. आता म्हणते, कुजबुजीचंही लिहिते.

चौकस

परीक्षा येत्या गुरुवारी आहे. 'सिनेटर किती' या कार्डाच्या पाठीवर आप्पांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवलंय: १६ जुलै १७८७, पाच विरुद्ध चार, मॅसॅच्युसेट्स दुभंगलेलं.